दादाच्या वर्गात

टण् असा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली.

काच फुटली नव्हती. चष्मेवाल्याच्या बोटांतून निसटून ती पाण्याच्या ताटलीत पडली होती, एवढंच. पण त्या सुट्टीच्या सकाळी सगळे इतके गप्प होते, की पडद्यामागे भाजी चिरणारी त्याची बायको सुरी हातात धरून तशीच थांबली. आता बोलणं निघणार, असं तिला वाटलं. निघालं नाही. फिरता दगड पुन्हा सुरू झाला आणि काचेची कड घासल्याचा किरकिरता आवाज घरभर पसरला.

पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी टेबल, खिळ्यांना टांगलेल्या फ्रेमा, समोरच्या भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागची खोली म्हणजे घर. मध्ये एक पडदा. त्यामुळे इकडचं तिकडे सगळं ऐकू येई, आणि ऐकू आलंच नाही असं दाखवायची सवयही सगळ्यांना झाली होती.

उद्या अकरावीच्या वर्गात एकेकाने उभं राहून विषय सांगायचा होता: भौतिकशास्त्र की भूगोल. चष्मेवाल्याच्या मोठ्या लेकीला भौतिकशास्त्र हवं होतं. ते नसेल तर पुढे कॉलेजात भिंगांचं, प्रकाशाचं काहीच शिकता येणार नाही, हे तिने शाळेतल्या बाईंना विचारून ठेवलं होतं. रांगायला लागल्यापासून वडिलांच्या टाकाऊ काचा हेच तिचं खेळणं. काच अक्षरांवर धरली की अक्षरं मोठी होतात, आणि हात लांब करून तिच्यातून समोरचं घर पाहिलं की ते उलटं दिसतं, असं का? तिने एकदा वडिलांना विचारलं होतं. "काचच तशी आहे," ते म्हणाले होते. त्या उत्तरावर ती अजून गप्प बसलेली नव्हती.

अडचण बुद्धीची नव्हती, दादाची होती. दादा तिच्याहून एका वर्षाने मोठा. गेल्या वर्षी तो अकरावीला नापास झाला, तोही भौतिकशास्त्रातच. आता पुन्हा तोच वर्ग, तोच विषय. विषय ठरले की तुकड्या वेगळ्या होणार होत्या; तिने तो घेतला तर बहीणभाऊ वर्षभर एका वर्गात बसणार, आणि मग काय होणार हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

या घरात बहीण भावाच्या पुढे जात नसे. रस्त्याने दादा पुढे, ती मागे. निकालाच्या दिवशी आधी दादाचा निकाल. त्याचा चेहरा पडलेला असला की तिचा विचारायचाच नाही. चौथीत तिचा पहिला नंबर आला, तेव्हा आईने तिला पडद्याआड ओढून कुशीत घेतलं होतं आणि कानात म्हटलं होतं, "शहाणी माझी ती. पण आत्ता नको सांगूस हं." मारहाण नाही, उपासमार नाही. अशा घरावरून जाताना आपल्यापैकी कुणाचं पाऊल अडखळणार नाही.

दुपारी आत्या जेवायला आली. चष्मेवाल्याची ही थोरली बहीण. सुट्टीचं जेवण ती भावाकडेच घेई, आणि जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाची झडतीही. उंबऱ्यावर उभी राहून धाकटी लेक मुंगी तक्ता वाचत होती. मुंगी नुकतीच पहिलीत गेलेली.

"ग, ट, प, र, ळ! सगळ्यात खालची ओळ!"

"अगं ए मुंगे, जिभेला हाड आहे की नाही? दादा उभा आहे ना? आधी त्याला वाचू दे."

"वाचू दे ना तिला, आत्या," दादा हसला. "मला ती ओळ दिसतच नाही."

"चष्मेवाल्याचा पोरगा, आणि म्हणे दिसत नाही! हळू बोल, गिऱ्हाईक ऐकेल."

सगळे हसले. त्या हसण्याचाच आधार धरून मोठीने पहिल्या घासाला सांगून टाकलं, "बाबा, मी उद्या फिजिक्स सांगणार आहे."

हसू जागच्या जागी विरलं. चष्मेवाल्याने पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे ठेवला. "भूगोल काय वाईट आहे?"

"वाईट नाही. मला फिजिक्स हवंय."

"घे गं बाई, घे!" आत्या म्हणाली. "भावाच्या डोक्यावर पाय देऊन चढ वर. पोरं त्याला बहिणीचं शेपूट म्हणतील, तेव्हा तूच टाळ्या वाजव."

"मी दादाला कधी काही म्हटलंय का, आत्या?"

"तू कशाला म्हणशील? तुझे मार्क म्हणतील."

दादा ताटाकडे बघत होता. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला फिजिक्स हवंय का, हेही त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. "तिला घेऊ दे," तो हळूच म्हणाला. "मीच सोडतो. मी दुकानात बसतो, बाबा. गिऱ्हाइकांशी बोलायला मला आवडतं."

घरात इतकं खरं वाक्य बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. पण चष्मेवाल्याने त्यातलं हवं तेवढंच उचललं. तो लेकीकडे वळला. आवाज चढवला नाही. "ऐकलंस ना? तू बसलीस की हा उठणार. एवढा एकच मुलगा आहे मला. आता तूच ठरव. मी काही जबरदस्ती करत नाही."

आई डाव हातात घेऊन उभी होती. भाजी चिरताना तिने एक वाक्य मनात घोळवून घोळवून तयार ठेवलं होतं: दोघं एका वर्गात बसली तर कुणाचं काय बिघडतं? ते ओठांपर्यंत आलं.

"अहो..."

"काय?"

आत्याने मान वर केली. वाक्य आल्या वाटेने परत गेलं.

"वाढू का अजून?" आईने विचारलं.

भांडी घासताना मायलेकी दोघीच होत्या.

"तू काही बोलली नाहीस, आई."

"बोलून काय झालं असतं? तो घरी बसला असता आणि जन्मभर बोट तुझ्याकडे झालं असतं. तू समजूतदार आहेस, बाळा."

"समजूतदार नसते तर मिळालं असतं का?"

आईने लेकीच्या कपाळावरची बट मागे सारायला हात उचलला, पण हाताला साबण होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं नाव पुकारलं गेलं. ती उभी राहिली. मागच्या बाकावर दादाने डोळे मिटून घेतले.

"भूगोल."

बाईंनी चष्मा काढला. "तुझं तर ठरलं होतं ना? नक्की?"

"हो, बाई."

"कुणी काही म्हटलं का?"

"नाही, बाई. मीच ठरवलं."

ते खोटंही नव्हतं. बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी चष्मेवाला खुशीत होता. लेकीच्या पाठीवर त्याने थाप मारली, आणि ती थापही प्रेमाचीच होती. "शहाणी आहेस. आणि हे बघ, रोज संध्याकाळी दादाला तेवढं फिजिक्स समजावून देत जा. दुसऱ्या कुणाचं त्याच्या डोक्यात शिरत नाही, तुझं चटकन शिरतं."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

उन्हं अजून उतरली नव्हती. मोठीने फुगीर काच खिडकीसमोर धरली, मागे कागद. काच पुढेमागे करता करता कागदावर समोरचं घर उमटलं. इवलंसं, स्पष्ट आणि उलटं. दादाच्या तोंडून "अरे!" निघालं. मोठीचा चेहरा क्षणभर उजळला, आणि पडद्यापाशी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईने नजर हातातल्या घडीवर वळवली.

"आता सांग, दादा. याहून फुगीर काच घेतली तर?"

दादा विचारात पडला. "तर... घर मोठं दिसेल?"

"नाही! काच कागदाच्या आणखी जवळ न्यावी लागेल!" टेबलाखाली टाकाऊ काचांशी खेळणारी मुंगी ओरडली.

अगदी बरोबर होतं. मोठीने चमकून खाली पाहिलं. पण मुंगी हसत नव्हती. तिने दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबून धरले होते आणि भेदरलेल्या डोळ्यांनी ती दादाकडे बघत होती. आत्या घरात नव्हती. बाबा दगडाशी होते. मुंगीला कुणी हटकलंच नव्हतं.

आईच्या हातातली घडी विस्कटली. ते हात तोंडावर कुणी ठेवले, हे तिला आत कुठेतरी नेमकं ठाऊक होतं.

मुंगी टेबलाखालून निघाली, पडद्यापाशी आली आणि आईला बिलगली. मग तोंड वर करून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने विचारलं,

"आई, मला किती आलं तर चालेल?"