तिची चार आवर्तने

साहेब, हात तुम्ही वर केलात. दुसऱ्या कोणी नाही. शाळेच्या तपासणीच्या दिवशी, शेवटच्या तासाला, घड्याळाकडे बघत तुम्ही उजवा हात वर केलात आणि म्हणालात, "पुरे." त्या एका शब्दाने तुम्ही काय बंद पाडले, हे तुम्हाला तेव्हा कळले नाही. नंतर कळून घ्यायची गरज वाटली नाही. तुमच्या अहवालात माझी बाजू नाही. म्हणून ती इथे मांडतो.

मित्रांनो, मी एक जुना सॅक्सोफोन आहे. शाळेच्या कुलूपबंद खोलीत, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात पडून आहे. अंगावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकला आहे, गुरांना टाकतात तसा. डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. तुम्ही लिहिलेल्याच असतील त्यात काही.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेचा पत्रा गुंडाळून, ठोकून माझी नळी केली. तिला भोके पाडली, प्रत्येक भोकावर झाकण बसवले आणि प्रत्येक झाकणाच्या आत कातड्याची मऊ गादी लावली. तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. माणसाचा श्वास त्या पट्टीवर थरथरला की मी बोलतो. श्वास नसेल तर माझ्यात आणि मोरीच्या नळात काही फरक नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा पहिला धनी एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये होता. वीस वर्षे आम्ही तिथे वाजवले. पाहुणे पुढच्या दाराने येत आणि आम्ही स्वयंपाकघराच्या. टाळ्या दिवाणखान्यात मिळत, जेवण मात्र भांडी घासायच्या जागेशेजारी, उभ्याने. धनी कधी बोलला नाही. घरी आला की मला फडक्याने आतून-बाहेरून पुसायचा आणि लेकीला म्हणायचा, "बघ, याला मागचं दार माहीत नाही. हा सगळ्यांना सारखाच ऐकू जातो."

ती लेक पुढे भूगोलाची शिक्षिका झाली. बाप गेल्यावर तिने मला माळ्यावर टाकले नाही, शाळेत आणले. त्या भूगोलाच्या बाईंनी जॅझचा बँड काढायचे ठरवले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "नद्या संपल्या वाटतं बाईंच्या!" गणिताचे सर म्हणाले. बाई हसल्या नाहीत आणि थांबल्याही नाहीत. शेवटचा तास मागून घेतला आणि जिन्याखालची खोली झाडून घेतली. दोन ट्रम्पेट, एक क्लॅरिनेट, फाटक्या कातड्याचा ड्रम, एक बेस गिटार, दोन पट्ट्या मेलेला पियानो आणि मी. समोर आठवी-नववीची सात मुले. वाजवता एकालाही येत नव्हते.

पहिले दोन आठवडे बाईंनी कुणाला वाद्याला हातही लावू दिला नाही. नुसत्या टाळ्या.

"चार मात्रा मोजताना एकवर टाळी कुणीही मारतं. तुम्ही दोनवर मारा, चारवर मारा."

"बाई, हात आपोआप एकवरच जातो," मोठ्या आवाजाचा एक मुलगा म्हणाला. त्याला सगळे भोंगा म्हणत. पुढे त्याला ट्रम्पेटच मिळाला.

"मग हाताला सांग, जरा दम धर. तुझी गाडी सुटत नाहीये."

इतिहासही त्याच खोलीत. बाई जगाचा नकाशा टांगायच्या आणि एका लांबलचक नदीच्या मुखावर पट्टी ठेवायच्या. "हे बंदराचं शहर. जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांची नातवंडं इथे राहायची. शेतात राबताना एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचं, अशी त्यांच्या आज्या-आजोबांची रीत. पोरांच्या हाती जुनी वाद्यं आली आणि तीच रीत वाद्यांतून वाजायला लागली. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं या संगीतात होत नाही."

मग त्यांनी आपल्या वडिलांच्या त्या मागच्या दाराचीही गोष्ट सांगितली. तसली दारे त्या बंदराच्या शहरातही होती म्हणाल्या, आणि त्याहून वाईट.

"बाई, मग ती माणसं चिडली नाहीत?" ड्रमवाल्या मुलीने विचारले.

"चिडली ना. तेच तर तुम्ही वाजवताय."

पुस्तकातले शंभर धडे पालथ्या घड्यावर गेले असतील, पण हे एक वाक्य त्या पोरांच्या हाडात उतरले. मी पाहिले आहे.

मी कुणाच्या वाट्याला आलो? नववीतल्या एका मुलीच्या. ती बोलताना अडखळायची. पहिल्या अक्षरावर जीभ अडायची आणि मान ताठ व्हायची. वर्गाने तिचे नाव 'ब्रेक' ठेवले होते. हजेरीला ती नुसता हात वर करायची. मी तिला त्या नावाने हाक मारणार नाही. ती माझी वादक. वाद्ये वाटताना सगळे आपल्याला काय हवे ते ओरडत होते, तिने फक्त माझ्याकडे बोट दाखवले.

माझी एक स्प्रिंग तुटलेली होती, त्यामुळे एक झाकण लोंबायचे. तिने वेणीचे काळे रबर काढले, दोन वेढे देऊन झाकणाला बांधले आणि त्या दिवशी एका बाजूची वेणी सुटलेली ठेवून घरी गेली. असे मला कुणी दुरुस्त केले नव्हते.

आता ऐका, कारण भांडण इथून सुरू होते. बँडने एक सोपे गाणे बसवले. चार मात्रांचे एक आवर्तन आणि बारा आवर्तनांचे गाणे. सगळ्यांनी मिळून ते वाजवायचे, मग प्रत्येकाला चार-चार आवर्तने एकट्याची. त्यांत कागदावर काही लिहिलेले नसते. जे सुचेल ते त्याच क्षणी वाजवायचे. बाईंचा नियम एकच होता. "ज्याची पाळी, त्याची जागा. वाजवलं तरी त्याची, गप्प बसला तरी त्याची. दुसऱ्याने त्यात घुसायचं नाही. ड्रम आणि बेस खाली चालत राहतील, बाकीचे मोजतील."

माझ्या वादकाची पाळी आली की सोळा मात्रा रिकाम्या जायच्या. रोज. ती मला ओठांशी धरून उभी राहायची. ड्रम चालायचा, बेस चालायचा, मी मुका. एकदा भोंग्याला राहवले नाही. त्याने तिच्या जागेत ट्रम्पेट हाणला.

बाईंनी हाताने सगळ्यांना थांबवले. "घर कुणाचं?"

"तिचं. पण बाई, रिकामंच होतं की."

"माणूस दारात उभा आहे आणि तू म्हणतोस घर रिकामं?"

भोंगा ओशाळला. पुन्हा त्याने तसे केले नाही. उलट तिच्या सोळा मात्रा सगळ्यांत काटेकोर तोच मोजू लागला, बोटे मांडीवर आपटत.

मग ती मधल्या सुट्टीत येऊ लागली. नकाशाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून वाजवायची. आधी एक सूर. मग दोन. महिनाभरात पाच सुरांची एक ओळ तिने बांधली. हट्टी, खालच्या आवाजातली, शेवटी वर चढून प्रश्न विचारल्यासारखी सुटणारी. बोलताना अडणारी ती मुलगी माझ्यातून एकदाही अडखळली नाही. पण ओळ ती लगेच सुरू करत नसे. आधी दोन आवर्तने गप्प राहायची. आठ मात्रा मोजायची, आठवीवर श्वास, आणि तिसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सूर. दर वेळी तसेच. रोजची शांतता तिने टाकून दिली नव्हती, तिचा निम्मा भाग तिने आपल्या वादनात घेतला होता.

हे फक्त मला ठाऊक होते. बाईंनाही तिने सांगितले नव्हते. तपासणीच्या दिवशी वाजवायचे ठरवले होते तिने. सकाळीच मला दोनदा पुसले, तेव्हा मी ओळखले.

तुम्ही आलात, साहेब. मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे चहाचा ट्रे. बाई म्हणाल्या, "एक, दोन, एक-दोन-तीन-चार," आणि पोरांनी गाणे उचलले. भोंग्याने आपली चार आवर्तने धडाक्यात मारली. क्लॅरिनेट एकदा घसरला, पण सावरला. मग तिची पाळी. पहिले आवर्तन गप्प. तुम्ही मुख्याध्यापकांकडे पाहिलेत. दुसरे आवर्तन गप्प. तुम्ही घड्याळाकडे पाहिलेत. सातवी मात्रा. आठवीवर तिने श्वास घेतला, खोल, पोटातून. रीड ओठांत दाबली गेली. श्वास माझ्या मानेपर्यंत आला.

"पुरे," तुम्ही म्हणालात. हात वर.

ड्रम थांबला. बेस थांबला. सुराऐवजी नुसती फुस्स हवा माझ्यातून गेली. एक-दोघे हसले.

"बाई, मुलं मध्येच विसरतात."

"साहेब, विसरली नाही ती. मोजत होती."

"न वाजवता मोजणं? आमच्याकडे त्याला रिकामं बसणं म्हणतात." मुख्याध्यापक दात काढून हसले. ते दुसरे काय करणार!

आणि मग ती बोलली, साहेब. वर्षभर हजेरीला तोंड न उघडणारी पोर सगळ्यांसमोर बोलायला लागली. "स... स... सर, म... मी..."

"नंतर सांग हं बाळ," म्हणालात आणि बाहेर पडलात. चहा गार होत होता.

अहवालात तुम्ही लिहिलेत: तयारी अपुरी. विद्यार्थी वादन अर्धवट सोडतात. या संगीताचा इतिहास परीक्षेस नाही. खोली उत्तरपत्रिका ठेवण्यासाठी वापरावी. चार वाक्ये. सोमवारी कुलूप लागले. बाईंची बदली झाली. जाताना त्या मला मागायला आल्या, तर कारकून म्हणाला, "बाई, त्याच्यावर नंबर पडलाय. आता तो शाळेचा माल."

"माझ्या वडिलांचा आहे तो."

"असेल. पण वडिलांचं नाव रजिस्टरात नाही."

त्यानंतर कित्येक दिवस मधल्या सुट्टीत कुणीतरी दारावर बोटे वाजवायचे. दोनवर आणि चारवर. मी कपाटातून ऐकायचो. भोंग्याचा आवाज यायचा, "चल गं, घंटा झाली." 'ब्रेक' म्हणायचा नाही तो आता. वर्ष सरले आणि बोटांचा आवाज बंद झाला. तिने पुढे कुठे, काय वाजवले, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

मित्रांनो, वाद्य धुळीने मरत नाही. न वाजवल्याने मरते. माझ्या कातड्याच्या गाद्या वाळून कडक झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात ते वेणीचे रबर आपोआप तुटले आणि झाकण पुन्हा लोंबू लागले. काल शिपाईमामा भंगाराची यादी करायला आले. मला उचलून म्हणाले, "हा वाजतो का हो?" कारकून मान वर न करता म्हणाला, "वाजत असता तर इथे कशाला असता?" आणि लिहिले, पितळी, एक नग, निकामी. तुमच्या घरी, शाळेत असे कुणी गप्प पडले असेल तर त्याला नुसते पुसू नका, वाजवा. आणि कुणी दारात उभे राहून मोजत असेल तर त्याचे घर रिकामे समजू नका. माझ्याकडून एवढेच.

बाकी बोलणे साहेबांशी.

साहेब, तिची दोन आवर्तने अजून बाकी आहेत. ती तुम्ही कुठे ठेवलीत? कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या नंबरखाली? "नंतर सांग" म्हणालात, तो नंतर कधी येणार होता? या संगीतात एकाने विचारले की दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. मी विचारले आहे. आता पाळी तुमची, जागाही तुमची. मध्ये कुणी घुसणार नाही, हात वर करून कुणी थांबवणार नाही.

मी मोजतो आहे. एक, दोन, एक-दोन-तीन-चार. बोला.