चारशे त्रेसष्ट

कर्जत

साईराजच्या हातात जेवणाचा डबा होता. तीन कप्प्यांचा, कंपनीत न्यायचा. सुफियानला पहिल्यांदा खटकलं ते हेच. रजा टाकून घाट बघायला निघालेला माणूस ड्युटीचा डबा कशाला आणील?

त्याने विचारलं नाही. खिशातला नवा खोडरबर चाचपला आणि शेवटून दुसऱ्या बोगीत चढला.

खोडरबर कशाला, तर

सुफियानचं खोपोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. साईराज साजगावच्या एका कारखान्यात मशीनवर. गेली अकरा वर्षं दोघे मिळून एक वही लिहीत होते. गाडी घाटात वर ढकलायला कर्जतला मागून इंजिन जोडतात, त्या इंजिनांचे नंबर. एकट्याने पाहिलं तर पेन्सिल. दोघांनी मिळून पाहिलं की त्यावर शाई. दोघे गाडीत असले तर कर्जतला मागे वळून बघायचं नाही, नंबर वाचायचा तो घाटातल्या वळणावरच. वही एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे.

आपली पाळी आली तरी या खेपेला साईराजने वही नेली नव्हती. ‘पावसात भिजंल रं,’ म्हणाला. नोंदी मात्र फोनवर पाठवत होता. महिन्यात सतरा! त्याही भरदुपारच्या. आठ तास मशीनपुढे उभा राहणारा माणूस दुपारी दोनला पळसदरीत कसा?

थापा. दुसरं काय!

मग सुफियानने सापळा लावला. ४६३ नंबरचं इंजिन बंगालला गेल्याचं रेल्वेवेड्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं. तेच आपल्याला दिसल्याचं त्याने वहीत पेन्सिलीने लिहिलं, मंगळवार, कर्जत, आणि साईराजला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: मला पण दिसलं. गुरुवार. पळसदरी.

सापडला. आज लोणावळ्याला उतरायचं, त्याच्या तोंडावर सतराच्या सतरा नोंदी खोडायच्या, वही घरी नेऊन कपाटात टाकायची. संपलं.

पळसदरी

गाडी हळू झाली. खोपोलीचे रूळ बाजूला सरकले. फलाट झाडणाऱ्या बाईने खिडकीत साईराज पाहिला आणि झाडू उंच करून हलवला.

“कोण रे ती?”

“भागूबाय. अशीच वळख.”

अशीच?

बोगदा

“सुफ्या, मंगळवारी कितीला दिसलं म्हनलास ते इंजिन?”

“अकराच्या सुमाराला.”

“कुठं?”

“सांगितलं ना, कर्जतला. पोलीस आहेस काय?”

उजेड

खाली दरी उलगडली. गवत पिवळं पडायला लागलेलं, कातळावरून अजून एखादी पाण्याची रेघ ओघळत होती. अकरा वर्षांत साईराजने इथे खिडकी सोडली नव्हती. आज तो दरीकडे बघतच नव्हता. सुफियानकडे बघत होता.

वळण

गाडी वाकली. मागचं इंजिन कडेला आलं. सुफियानने दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली.

४६३.

“हे तर बंगालला...” त्याच्या तोंडून निसटलं.

“कोन सांगतं?”

“ग्रुपवर होतं.”

“मग मंगळवारी तुला कुठं दिसलं?”

सुफियान पुन्हा दुर्बीण पुसायला लागला.

“मी सांगू? मंगळवारी सकाळपासनं चारपर्यंत मी कर्जतला बाकड्यावर बसून होतो. ४६३ आलं नाय. तू पन आला नायस.”

“आणि तुझी ड्युटी?”

बोगदा

अंधारात आवाज तेवढा आला. “आमची लाईन बंद केली कंपनीनं, समद्यांना घरी बसवलं. महिना झाला. घरी बोललो नाय. ललिता रोज डबा भरून देती, मी पळसदरीला नायतर कर्जतला बसतो. वहीत तारीख असती, वेळ असती. घरात ठेवली तर ती वाचल ना रं.”

लोणावळा

दोघे फलाटाच्या टोकाला बसले. सुफियानने खोडरबर काढला. मंगळवारची आपली नोंद खोडली. इतक्या जोरात, की कागदाला भोक पडायचंच राहिलं. मग गुरुवारच्या नोंदीवर शाई फिरवली.

“नवा रबर?” साईराजने विचारलं.

“हो.”

“माझ्यासाठी आनलावता?”

“हो.”

साईराज हसला. “हलकट हायस. जेव आता.”

त्याने डबा उघडला. खालच्या कप्प्यात सहा भाकऱ्या. मधल्यात वालाचं बिरडं, काठोकाठ. वरच्यात दोन लाडू, आणि दोन चमचे.

“घरी माझं नाव घेतलं होतंस?”

“नाय. ड्युटी म्हनूनच निघालो. काल ‘उद्या लोणावळा’ म्हनून तुझा मेसेज आला तवा फोन चुलीपाशी पडलावता, बस.”

दोघेही त्या चमच्यांकडे बघत राहिले.

मग साईराजने हात पुढे केला.

“वही दे. माझी पाळी हाय.”