मधलं फाटक

“टान्सली, चेंडू इकडे दे. शेवटची विकेट मी काढतो.”

मिस्टर पेव्हरेल यांनी हात पुढे केला, तोही दुसरीकडे बघत. एनॉक टान्सलीने चेंडू दिला. सकाळपासून एक बाजू त्याने एकट्याने लावून धरली होती. पाहुण्यांचे खंदे फलंदाज त्यानेच तंबूत धाडले होते आणि आता उरला होता त्यांचा अकरावा गडी, बॅट कुदळीसारखी धरणारा. असं बुजगावणं समोर आलं की कप्तानसाहेबांना गोलंदाजीची उबळ यायची. दर मोसमात यायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

“जा, तिकडे कुंपणापाशी उभा राहा.”

“हो, साहेब.”

यष्टिरक्षक एमस गिल जवळून जाताना पुटपुटला, “वाढलेलं ताट ओढलं की रे तुझ्यासमोरनं.”

“खाऊ दे. पचलं म्हणजे झालं,” एनॉक म्हणाला.

एमस, एनॉक आणि आणखी तिघं काउंटीचे पगारी खेळाडू. बाकीचे सगळे हौशी, म्हणजे बापाच्या जिवावर खेळणारे. त्यांना ‘मिस्टर’, यांना नुसतं आडनाव. ते पॅव्हेलियनच्या पांढऱ्या मधल्या फाटकातून मैदानात उतरायचे. हे पाच जण रोलर ओढणाऱ्या घोड्याच्या शेडजवळच्या फाटकातून. जेवायला तिकडे रोस्ट आणि वाइन, इकडे पाव, चीज आणि घोड्याचा वास. हिरवळ खराब होऊ नये म्हणून त्या घोड्याला चामड्याचे बूट घालत. “आपल्यापेक्षा त्याचे बूट बरे,” एमस म्हणायचा.

एनॉकचे गुडघे संपले होते. हा त्याचा शेवटचा मोसम. काउंटीत येण्याआधी तो मागावर मोजे विणायचा, पण आता बारीक धागा त्याला दिसत नव्हता. वसंतात मैदानाचा म्हातारा माळी वारला. त्याची जागा आणि मैदानामागचं घर मिळालं, तर म्हातारपण निभणार होतं. पेव्हरेलचे वडील क्लबचे अध्यक्ष. “बघू, टान्सली. घालतो बाबांच्या कानावर,” एवढंच साहेब म्हणाले होते. तेवढ्यावर एनॉकची बायको केझिया त्या रिकाम्या घराच्या उंच खिडक्या मापून आली आणि पडदे शिवायला बसली.

“अगं, आधी नेमणूक तर होऊ दे.”

“होईल. इतकी वर्षं ‘हो साहेब, हो साहेब’ करतोयस, ते काय फुकट?”

साहेबांनी चेंडू टाकला. टाकला कसला, फेकला! टप्पा न पडताच तो बुजगावण्याच्या पुढ्यात गेला. त्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू आभाळात चढला. थेट एनॉकच्या दिशेने.

पाहुण्यांना जिंकायला एक चौकार पुरे होता. पाड, एनॉकच्या मनात आलं. एकदाच पाड. बघ त्या शेळपट साहेबाचं थोबाड कसं उतरतं ते. सकाळी एनॉकच्याच चेंडूवर याने हातातला झेल सोडला होता आणि वर वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. पण एनॉकच्या हातांनी त्याचं ऐकलं नाही. चेंडू आला आणि त्यांनी तो धरला.

“टान्सली! टान्सली!” लोक ओरडायला लागले. साहेब लगबगीने आले.

“कसा होता माझा चेंडू?”

“टप्पा पडला नाही, साहेब.”

“तेच तर! फसवला त्याला!” लोक अजून टान्सलीचंच नाव घेत होते. साहेबांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चल टान्सली, आज तू आमच्या फाटकातून ये. आज तुला मुभा आहे.”

फाटक उघडलं. हौशी मंडळींनी दोन्हीकडे उभं राहून टोप्या काढल्या. पायऱ्यांवर अध्यक्ष हसत उभे होते. तिकडे शेडपाशी एमस आणि ते तिघं थांबून बघत होते.

ते फाटक एनॉकने इतकी वर्षं लांबून पाहिलं होतं. कधीतरी यातून जायचं, असं तरुणपणी वाटायचंही. आणि आता उघडलं ते असं, नाताळच्या दिवशी कुत्र्याला दिवाणखान्यात घ्यावं तसं! तरी त्याचं एक पाऊल पुढे पडलं. त्या पावलाची त्याला साहेबापेक्षा जास्त किळस आली.

“माझी माणसं थांबलीत, साहेब.”

“अरे, आजच्या दिवसापुरतं म्हणतोय मी!”

“म्हणूनच, साहेब.”

तो वळला. गर्दीत कुणीतरी खो-खो हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

“गाढवा,” शेडपाशी एमस म्हणाला, “घरावर पाणी सोडलंस.” आणि आपला बिअरचा मग त्याच्या हातात दिला.

माळ्याची जागा साहेबांच्या कोचवानाच्या मेहुण्याला मिळाली. गवत आणि कांद्याची पात यांतला फरक त्याला अजून कळायचा होता. “या लोकांना उपकार म्हणून कळत नाहीत,” असं साहेब क्लबात सांगत फिरले. उपकार म्हणे!

केझिया भांडली नाही. एका संध्याकाळी एवढंच म्हणाली, “चार पावलं तर होती रे.”

“एक टाकलं होतं,” एनॉक म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने ते पडदे आपल्याच घराच्या बुटक्या खिडक्यांना लावले. निम्मं कापड जमिनीवर लोळायला लागलं. एनॉकने कात्री आणून दिली.

“ठेव ती जागेवर,” केझिया म्हणाली. “पडदे बरोबर मापाचे आहेत.”