काकूंचा पहिला हॉर्न

काकू एकतीस वर्षं गाडी चालवत होत्या आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नव्हता. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. डायलिसिसच्या रुग्णांना घरून हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलातून घरी पोहोचवायचं हे त्यांचं काम. हॉस्पिटलच्या गाड्यांच्या खात्यात सगळे त्यांना 'मुक्या काकू' म्हणायचे. मुकी होती ती गाडी. काकूंचं तोंड म्हणाल तर चार हॉर्नना भारी होतं.

हे वेड वडिलांचं, अप्पांचं. ते ट्रक चालवायचे, त्यांनीच शिकवलं. "हॉर्न वाजवावा लागला ना पोरी, तर समज तू उशिरा बघितलंस," असं ते म्हणायचे. काकूंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी खात्याच्या साहेबांनी नवी, विजेवर चालणारी गाडी घेतली. तिला चारी बाजूंनी कॅमेरे. "वय झालेल्या ड्रायव्हरांना पार्किंगला बरं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हा काकूंना अठ्ठावन्नावं लागलं होतं. ते बोलणं त्यांना चांगलंच झोंबलं. शिवाय खात्याचा नियम होता : पंचावन्नच्या पुढच्या ड्रायव्हरच्या नावावर एक जरी ठोकर लागली, तरी त्याने चाक सोडायचं आणि काचेच्या खोलीत फोनवर बसायचं. 'गाडी निघाली आहे हं' असं दिवसभर सांगत. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं काकूंचं स्पष्ट मत होतं.

गाडी ताब्यात देताना फिटरने सांगितलं, "काकू, हे कॅमेरे सगळं टिपत राहतात आणि मागचं पुसत जातात. काही झालंच, तर हॉर्न दाबा. आधीची दहा मिनिटं गाडी जपून ठेवते."

"आणि नाही दाबला तर?"

"तर गेलं."

"मग गेलं म्हण," काकू म्हणाल्या आणि किल्ली घेऊन चालू लागल्या.

त्या दिवशी सकाळी मागच्या सीटवर मास्तर होते. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आठवड्यातून तीनदा यायचे, रस्ताभर काकूंच्या बोलण्यातल्या चुका काढायचे. हॉस्पिटलच्या दारात काकूंनी गाडी उभी केली, ब्रेक लावला आणि रोजच्यासारखी वहीत वेळ लिहिली : नऊ वाजून दहा. पेनचं टोपण लावतात न लावतात तोच पुढची मोठी काळी गाडी सरळ मागे आली आणि धाडकन काकूंच्या बंपरवर आदळली.

काळ्या गाडीतून मोठे डॉक्टर उतरले. हॉस्पिटलात त्यांच्यापुढे सगळे उभे राहायचे, कोणाची बसायची टाप नव्हती. त्यांनी फोन खिशात घातला आणि तोंड उघडलं.

"डोळे आहेत की नाही? मागून येऊन ठोकलंत!"

"मी?" काकू काच खाली करून म्हणाल्या. "मी उभी होते, तुम्हीच मागे आलात. उभी गाडी ठोकते कशी, ते दाखवा तरी एकदा!"

पण दिसायला तसंच दिसत होतं. काकूंचा पुढचा बंपर चेपलेला, डॉक्टरांचा मागचा. बघणाऱ्याने काय समजायचं? काकू मागे वळल्या. "मास्तर, सांगा यांना."

मास्तरांचा चेहरा पडला. "मी चप्पल शोधत होतो हो, सीटखाली. मला नुसता धक्का बसला."

एवढ्यात खात्याचे साहेब धावत आले. डॉक्टरांना बघून त्यांची कंबर आपोआप वाकली. काय झालं हे न विचारताच त्यांनी छापील कागद काढला आणि गाडीच्या टपावर ठेवून भरला. 'माझ्या चुकीने' एवढं छापलेलं होतं. पुढे त्यांनी लिहिलं, 'उभ्या गाडीला मागून धडक दिली'.

"काकू, सही करा आणि विषय संपवा. डॉक्टरांना ऑपरेशनला जायचंय."

"नाही करणार."

"उगाच ताणू नका. आता वय झालं, होतं असं. काचेच्या खोलीत पंखा आहे, चहा आहे…"

"चहा तुम्हीच प्या. मी ठोकलेलं नाही, मी सही करणार नाही. सांगून ठेवते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "अहो बाई, मी मागे येत होतो असं तुम्ही म्हणता, मग हॉर्न का नाही वाजवलात? लक्ष असतं तर कोणीही वाजवला असता!"

हॉर्न म्हटल्याबरोबर काकूंना फिटर आठवला. दहा मिनिटं! त्यांनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ एकोणीस. गाडी आतल्या आत पुसत चालली होती. डॉक्टर, त्यांचा फोन, तो धक्का, सगळं आता जाणार होतं आणि मागे उरणार होता तो साहेबांचा कागद.

हात मात्र उचलेना. एकतीस वर्षं! वडील असते तर काय म्हणाले असते? आणि वाजवायचा कुठे, तर नेमका इथे. डोक्यावर हातभर पाटी होती : शांतता राखा. वर खिडक्यांमागे माणसं झोपलेली, दुखण्याने बेजार झालेली. अप्पा, मी उशिरा नव्हतं हो बघितलं, त्या मनात म्हणाल्या, हे लोक बघायलाच तयार नाहीत.

आणि त्यांनी हॉर्न दाबला. नुसता दाबला नाही, दाबून धरला. साहेबांच्या हातातला कागद खाली पडला. खिडक्या उघडल्या, नर्स बाहेर आल्या, रखवालदार शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. गाडीतल्या पडद्यावर जपून ठेवल्याची हिरवी खूण उमटली तेव्हाच काकूंनी हात काढला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब ओरडले.

"इकडे या आणि बघा. गाडीला डोळे तुम्हीच बसवून घेतलेत ना? वय झालेल्यांसाठी?"

काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. काळ्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले. काकूंच्या चाकाजवळची रस्त्यावरची पिवळी रेघ तसूभर हलली नाही. काळ्या गाडीच्या बाजूच्या आरशात डॉक्टर दिसत होते, कानाला फोन, मान खाली. गाडी मागे आली, आदळली. काकूंनी पुन्हा लावलं. मास्तरांनी मागून मान पुढे काढली आणि वर्गात म्हणावं तसं म्हणाले, "पुन्हा एकदा."

साहेबांनी खाकरून घसा साफ केला. काहीतरी बोलणं त्यांना भागच होतं.

"ते ठीक आहे हो. पण इथे हॉर्न वाजवायला सक्त मनाई आहे. त्याची नोंद मला करावीच लागेल."

"करा की. द्या तो कागद."

काकूंनी खाली पडलेला कागद मागून घेतला, झटकला, स्टिअरिंगवर ठेवला. 'उभ्या गाडीला मागून धडक दिली' यावर सरळ रेघ मारली. 'माझ्या चुकीने' तसंच ठेवलं आणि पुढे ठळक अक्षरात लिहिलं : 'नऊ एकोणीसला हॉस्पिटलच्या दारात हॉर्न वाजवला.' खाली पूर्ण नावाने सही ठोकली.

"घ्या. ही चूक माझी आहे. आता यांच्यासाठी दुसरा कागद काढा."