भगवंतच्या हातचा ब्रेक

भगवंतने पाना जमिनीवर आपटला आणि हात पुसायला जानरावच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. विचारलं नाही.

"बसवला तुह्या गाडीचा ब्रेक. आता तरी जाऊ दे मले घरी."

"आधी चालवून दाखव."

"काहून? तुले भरवसा नाई का?"

"भरवशाचं तू नोको बोलू."

कोठ्यात बैल नव्हते. बैल विकल्यापासून तिथे ही जुनी बुलेटच होती, पोत्यांखाली झाकलेली. दिवाळीपासून जानराव ती उघडत होता. एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, अकोल्याच्या जुन्या बाजारात जाऊन एकेक भाग शोधून आणायचा. आता फक्त पुढच्या ब्रेकची केबल यायची राहिली होती.

सोळा वर्षांपूर्वी याच गाडीवर जानरावचा दोस्त भगवंत आणि सहदेव अकोटला निघाले होते. गाडी भगवंत चालवत होता. सहदेव म्हणजे जानरावच्या बायकोचा, सत्यभामेचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. त्या दिवशी सकाळी जानरावने मागचा ब्रेक नीट करून दिला होता. रस्त्यात बैलगाडी आडवी आली. भगवंतचा गुडघा मोडला. सहदेव जागीच गेला. दवाखान्यात पडल्या पडल्या भगवंत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ब्रेकच लागला नाई."

तेव्हापासून सत्यभामा नवऱ्याशी सरळ बोलली नव्हती. भाकर वाढायची, पण बोलायचं ते भिंतीकडे पाहून. गाडी पुन्हा उभी करायची, ब्रेक लागतो हे तिच्या डोळ्यांना दिसू द्यायचं, एवढंच जानरावच्या मनात होतं. पण तिने भिंतीला सांगितलं होतं, "गाडी बांधाचीच असन तं ब्रेक भगवंतभाऊच्या हातानं बसन. दुसऱ्या हातावर माहा भरवसा नाई."

भगवंतच्या हातचा ब्रेक लागला, तर तेव्हा जानरावने बसवलेला ब्रेकही लागत होता, हे कसं कळणार होतं? तरीही त्याने ऐकलं. तिच्या होकाराशिवाय गाडी कोठ्याबाहेर निघणार नव्हती. आणि भगवंत आला, तोही वहिनीने निरोप धाडला म्हणून.

चार दिवस दोघं एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून काम करत होते. बोलणं झालं तर टोचायलाच.

"उलट्या डोक्याची गाडी," भगवंत म्हणायचा. "साऱ्या दुनियेचा ब्रेक उजव्या पायात, हिचा डाव्या. गिअर उजवीकडं. जसा मालक तशी गाडी."

"तुले जमत नसन तं तसं सांग."

"मले? पंचवीस वर्सं राजदूत चालवली म्या."

जानरावला या गाडीत काही उलटं वाटत नव्हतं. दुसरी गाडी त्याने जन्मात चालवली नव्हती.

दुपारी सत्यभामा चहा आणायची. एकच कप, आणि तो भगवंतपुढे ठेवायची. पूर्वी अकोटच्या स्टँडवर हे दोघं एका चहात भागवायचे. कप जानरावचा, बशी भगवंतची. आता भगवंत बशीही प्यायचा आणि कपही, आवाज करत. जानराव उठून माठातलं पाणी घ्यायचा.

आज दोघांनी गाडी ढकलत अंगणात आणली. जानरावने किक मारली. पहिल्यांदा नुसता धूर निघाला. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली, तशी ओट्यावरची कोंबडी उडून भिंतीवर गेली. जानरावचा हात टाकीवर राहिला.

"हट तिकडं," भगवंत म्हणाला. "ब्रेक माह्या हातचा हाय. मीच पायतो."

तो बसला. उजव्या पायाने गिअर टाकला आणि गाडी अंगणाच्या कडेने हळू निघाली. चहाचा कप घेऊन सत्यभामा दारात आली होती. गाडीचा आवाज ऐकून ती तिथेच थांबली. भगवंतने एक फेरा मारला. वळणावर डाव्या पायाने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली.

"पायलं का, वहिनी?" तो ओरडला. "असा बसवा लागते ब्रेक!"

दुसऱ्या फेऱ्याला त्याने गाडी जरा जोरात घेतली. तेवढ्यात शेजारच्या पार्बताबाईची शेळी कुंपणातून उडी मारून थेट चाकापुढे आली.

खटकन आवाज झाला. गाडी थांबली नाही. उलट झटका देऊन पुढे गेली, शेळीच्या शेपटाजवळून निसटली आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसून बंद पडली. वाळक्या काड्या मोडल्याचा आवाज थोडा वेळ होत राहिला.

"ब्रेकच लागला नाई!" भगवंत ओरडला.



जानराव जवळ गेला. भगवंत अजून सगळं वजन टाकून पाय दाबत होता. उजवा पाय. त्याखाली गिअरचा दांडा होता. डावा पाय जमिनीवर टेकलेला होता आणि त्याच्या बाजूचा ब्रेक कोणी हात न लावल्यासारखा वर उभा होता.

सत्यभामा ओट्यावरून उतरून आली होती. तीही तिकडेच पाहत होती.

"भगवंतभाऊ," ती म्हणाली, "ब्रेक कोन्या पायात हाय?"

भगवंतने खाली पाहिलं. निखाऱ्यावरून उचलावा तसा त्याने पाय उचलला. पण कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. त्याचं तोंड उघडलं.

"वहिनी, मले..."

ती त्याच्यासमोरून निघून गेली. कोठ्याजवळच्या दगडावर, जानराव रोज बसायचा तिथे, तिने कपबशी ठेवली. पदर तोंडाशी धरून थोडा वेळ उभी राहिली. मग मान वर केली आणि जानरावच्या तोंडाकडे पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली. "थंडा होईन."

ती आत गेली. जानराव दगडावर बसला. जुन्या सवयीने त्याने अर्धा चहा बशीत ओतला. भरलेली बशी हातात धरून तो पऱ्हाटीकडे पाहत राहिला.

भगवंत अजून गाडीवरून उतरला नव्हता.