बाण असलेल्या फायली

व्हायोलिनवाले नव्या कोटाचं कापड घेऊन आले, त्या दिवशी कळलं की हिचे सगळे पॅटर्न गेले.

आयुष्यभर हनुवटीखाली व्हायोलिन धरून त्यांचा डावा खांदा वर चढलाय. तयार कोट त्यांना बसत नाही. त्यांचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा आकार, माझी बायको कॉम्प्युटरवर काढायची. दर खेपेला मापात पडलेला फरक त्यातच दुरुस्त करायची. तो मोठ्या कागदावर छापून मी कापायचो, शिवायचो. दुकान असं दोघांचं होतं. येणारेही बहुतेक असेच. कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड. दुसरीकडे त्यांचं कुणी मनावर घेत नाही.

"काढा बाईंचा नकाशा," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मला सरळ करायला बायकोचा जन्म गेला, जमलं नाही. बाईंनी चार टाचण्यांत केलं."

मी पेनड्राइव्ह लावून त्यांच्या नावाची फाइल उघडली. फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. दुसऱ्या नावाची उघडली. तेच. एकेक करत मी शेवटपर्यंत गेलो.

आमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम फार जुनी होती. अपडेट करा म्हणून चौकट आली की ही 'नंतर' दाबायची. "हातात काम आहे, आता त्याच्या नादी नको लागायला." काम तर कायमच हातात असायचं. पुढे ती चौकट यायचीही बंद झाली. मग ही आजारी पडली आणि गेली.

ती गेल्यावर समोरच्या फोटोकॉपीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. त्याच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं. "तुमचा तर माझ्याहून जुना," तो म्हणाला. मी धास्तावलो. हिच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं. छापलेले कागद आम्ही ठेवत नव्हतो. पुढच्या मापाला ते चुकीचेच ठरायचे.

मी हिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. तिचं ऑफिसातलं सगळं काम कॉम्प्युटरवर असतं. चालू करून बघितलं तर ती खुर्चीतून उठलीच.

"भाऊजी, अहो हे काय! यावर तुम्ही इंटरनेट लावता?"

"तुझी ताई लावायची."

"आधी ती वायर काढा. मग बॅकअप, मग अपडेट. उलटं केलं तर ताई वरून येऊन माझे कान उपटेल."

पॅटर्नच्या प्रोग्रामची मूळ सीडी तिने शोधून काढली. नव्या सिस्टीमवर तो चालेल का, तेही विचारून घेतलं. ती स्वतःच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम उतरवत बसली होती, तेव्हा पॅटर्न मी कॉपी केले. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू नये असं वाटलं. पडद्यावर गिऱ्हाइकांच्या नावाच्या फायली रांगेने होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बारका बाण होता.

"झालं," मी म्हणालो.

"इतक्यात?"

"पेनड्राइव्ह चांगला दिसतोय."

"मग! मी आणलाय."

तरी तिने तपासायला लावलं. पॅटर्नचा प्रोग्राम तिच्या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून व्हायोलिनवाल्यांचा कोट उघडला. डावा खांदा, उजवा खांदा, कॉलर, सगळं आलं. धाकटी बघत राहिली. "ताईची कॉलर ओळखू येते नाही?" म्हणाली. अजून दोन उघडून बघितले. तेही आले.

इतक्या जुन्या सिस्टीमवरून थेट नव्यावर जाता येत नव्हतं. सगळं पुसून नवं भरावं लागणार होतं. डिस्कवरचं सगळं जाईल, असं पडद्यावर आलं. धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि मान हलवली.

नवी सिस्टीम झटक्यात चालू झाली. प्रोग्रामही बसला. आम्ही खूश झालो. नंतर हातात उसवलेलं-फाटलेलंच काम होतं, आणि हिचे आकार एकट्याने उघडून बघायची मला हिंमत होत नव्हती.

व्हायोलिनवाले आले त्याच दिवशी मी पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पेनड्राइव्ह लावल्या लावल्या सांगितलं. "काका, हे पॅटर्न नाहीत. शॉर्टकट आहेत, पॅटर्नकडे जायचे रस्ते. कोपऱ्यात बाण दिसत नाही का?"

"बाण आमच्या प्रत्येक पॅटर्नवर असतो," मी म्हणालो. "कापडाचा उभा धागा कसा घ्यायचा ते कळायला."

मग त्याने समजावलं. खऱ्या फायली हिने त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवल्या होत्या, समोर फक्त खुणा. आम्ही तपासलं तेव्हा डिस्क जागेवर होती, म्हणून खूण तिथे गेली आणि पॅटर्न उघडला. "दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायला हवं होतं," तो म्हणाला. "तिथे लगेच कळलं असतं."

पुसलेल्या डिस्कमधून त्याने जे निघालं ते काढलं. बहुतेक फायली उघडतच नाहीत. नावं कशालाच नाहीत. एक बाही निघाली आणि अर्धी कॉलर. बाही कुणाची ते मला सांगता येत नाही. हिला आलं असतं सांगता.

धाकटीला फोनवर सांगितलं. "थांबा, मी येते," म्हणाली. मग म्हणाली, "येऊन काय करू, भाऊजी?"

व्हायोलिनवाले मात्र आले. "माप घ्या पुन्हा. मी कुठे पळतोय?" मी घेतलं. मला आखलेल्या रेषेवर कापता येतं, रेष आखता येत नाही. तरी आखली आणि त्यांचं चांगलं कापड बाजूला ठेवून साध्या कापडाचा कच्चा कोट शिवला. ते आरशासमोर उभे राहिले. पाठीवर मधोमध चुणी पडली होती. डाव्या बाजूने कॉलर मानेपासून सुटली होती. मी टाचण्या काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. चुणी तिथून निघून बगलेत गेली.

मला वाटलं, आता काहीतरी फिरकी घेतील. त्यांनी हात वर केला, व्हायोलिन धरतात तसा, आणि कोट पोटावरून उचलला गेला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

जाताना त्यांनी कापड परत नेलं.

कॉम्प्युटर आता आपला आपण अपडेट होतो. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी अजून काही कळवलेलं नाही.