मागची सीट

त्याने विकायला काढलेल्या स्कूटरचा ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. मग खाली वाकून पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि गंभीरपणे मान हलवली. टायरमध्ये नेमकं काय बघायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण उठून उभं राहिलं की बाई पुढचं वाक्य बोलणार, ही धास्ती होती.

बाई तरीही बोलल्याच.

"एक चक्कर मारून बघा ना. चावी लावलेलीच आहे."

"नको, नको. तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वासाचं काय घेऊन बसलात? उद्या म्हणाल, बाईंनी भंगार गळ्यात मारलं."

शाळेत गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या आणि आता मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. इलेक्ट्रिक स्कूटर त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. सीटवर घरी शिवलेलं कव्हर, आरशांवर एक ओरखडा नाही. त्याने हॉर्न वाजवून पाहिला. मग दिवा लावला. मग पुन्हा हॉर्न.

"हॉर्न छान आहे," तो म्हणाला.

"हॉर्नवर बसून जाणार आहात का कामाला?"

शेवटी, चाक डगमगतं का ते बाहेरून बघायचंय, तुम्हीच चालवून दाखवा, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. बाईंनी साडी सावरून झोकात एक फेरी मारली. स्कूटर सरळ गेली, सरळ आली, आवाजसुद्धा झाला नाही. नकार द्यायला काही कारणच उरलं नाही. कागदांवर सह्या झाल्या. बाईंनी चार्जरची वायर नीट गुंडाळून पिशवीत घालून दिली आणि निरोप द्यायला त्या फाटकापर्यंत आल्या. त्याने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि स्कूटर हाताने ढकलत गल्लीत आणली.

"अहो, बसा की!"

"पुढे बसतो. इथे जरा गर्दी आहे."

गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं. बाकी कोणी नव्हतं.

वळण घेऊन बाईंच्या नजरेआड गेल्यावर तो थांबला. तळहात ओले झाले होते. ते पँटला पुसून त्याने पुन्हा हँडल धरलं. आता बसू, असं ठरवलं आणि ढकलायला लागला.

चष्म्याची भिंगं घासायच्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता. केसाएवढी चूकही ज्या कामात चालत नाही ते काम त्याचा हात न थरथरता करायचा. हँडल हातात आलं की मात्र त्याच हाताला घाम फुटायचा. काही वर्षांपूर्वी एका वळणावर वाळूवरून त्याची गाडी घसरली होती. बायको मागे होती. दोघं रस्त्यावर पडली आणि मागून येणारी बस त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबली. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. कपडे झटकून दोघं उठली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने हात पुढे केला.

"चावी द्या. आज मी चालवते."

त्याने दिली. त्यानंतर रोज तीच चालवत होती. त्याला वर्कशॉपशी सोडायची आणि पुढे इस्पितळात जायची. ती तिथे एक्स-रे काढायची. या विषयावर दोघांत कधी एक शब्दही झाला नाही. तिने आपली भीती ओळखली आणि चारचौघांत आपली लाज राखली, असं तो मनाशी धरून होता. त्या उपकाराच्या ओझ्याखाली तो निमूट मागे बसत आला होता.

आता तिचा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुनी गाडी मोडीत गेलीच होती. बसमध्ये दांडा धरायचीही पंचाईत. घरी आली की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची. एका संध्याकाळी ते बघवलं नाही आणि तो बोलून गेला, "हलकीशी इलेक्ट्रिक घेऊ. मी सोडत जाईन तुला." बोलून झाल्यावर जीभ चावली, पण शब्द सुटला होता. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि उठून आत गेली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर विचारपूस सुरू झाली. स्कूटर ढकलणाऱ्या माणसाकडे जग दयेनेच बघतं.

"पंक्चर का?" पानाच्या टपरीवरून कुणी ओरडलं.

"चार्जिंग संपलं."

हे उत्तर चांगलं होतं. ते त्याने तिघाचौघांना ऐकवलं. पुलाच्या चढावर मात्र धाप लागली, पाठीला शर्ट चिकटला आणि तेवढ्यात एक मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. चालवणाऱ्याच्या खांद्यावर केबलच्या वायरचं भलंमोठं वेटोळं होतं.

"चार्जिंग गेलं ना? या गाड्यांचं हेच. बसा, मी मागून पाय लावतो."

"नको, जवळच जायचंय."

"जवळ म्हणजे? पुलापलीकडेच ना? बसा हो काका, लाजताय काय!"

मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजू लागले. बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो बसला.

"चावी फिरवा. निदान मागचा दिवा लागू दे, नाहीतर कोणी ठोकेल."

त्याने चावी फिरवली. समोरचा पडदा उजळला आणि बॅटरीचं चित्र काठोकाठ हिरवं झळकलं. केबलवाल्याने ते पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, हँडलवर आवळलेल्या त्याच्या बोटांकडे पाहिलं. त्याचे कान तापले. आता हा हसणार.

"बरं," केबलवाला म्हणाला. "हँडल सरळ धरा. घाई नाही आपल्याला."

त्याने बूट मागच्या पायटेकूवर टेकवला आणि मोटरसायकल हळूच सोडली. स्कूटर हलली. पुलाचा कठडा सरकू लागला. उजवीकडून एक ट्रक गेला, मागोमाग एक रिक्षा. श्वास घ्यायचा असतो, हे त्याला मधूनमधून आठवत होतं.

"मी इकडे वळणार," पूल संपता संपता मागून आवाज आला. "तुमचं सरळच ना?"

तो हो म्हणाला की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही. पाय सुटला. स्कूटरचा वेग ओसरू लागला आणि पाठीमागे बसचा भोंगा वाजला. अगदी जवळ, अगदी मोठा. त्याने डोळे मिटले नाहीत. अ‍ॅक्सिलरेटरवरची त्याची मूठ आपसूक पिळली गेली.

स्कूटरचा काही आवाज आला नाही. त्यामुळे केबलवाला अजून मागेच आहे, असं त्याला बराच वेळ वाटत राहिलं. पुढचा चौक ओलांडल्यावर त्याने आरशात पाहिलं. मागे रिकामा रस्ता होता.

बायको इमारतीखाली वाट पाहत उभी होती, उजवा हात पोटाशी धरून. त्याने स्कूटर तिच्यासमोर आणून थांबवली. दोन्ही पाय टेकून त्याने चावी फिरवली.

"चालवत आणलीत?"

"शेवटी शेवटी." त्याने हेल्मेट काढलं. "बस. एक चक्कर मारू."

"आत्ता? गॅसवर कुकर आहे."

"खाली येताना चालू ठेवून आलीस?"

ती जराशी गडबडली. "नाही म्हणजे, लावायचाय. आणि तुम्ही दमला असाल. पहिल्या दिवशी बॅटरी कशाला संपवायची? उद्या बसनेच जाते मी, सवय झालीय आता."

ही सगळी कारणं त्याच्या ओळखीची होती. एकामागून एक, अशी घाईघाईने, तोच ती देत आला होता.

"तू घाबरतेस?" त्याने विचारलं.

तिने सीटच्या कव्हरचा निघालेला एक दोरा बोटाभोवती गुंडाळला.

"मागे बसले की ती बसच दिसते मला. पुढे बसलं की रस्ता तरी आपल्या हातात असतो. म्हणून तर चावी मागून घेतली तुमच्याकडून. तुम्ही बिचारे काही न बोलता देऊन टाकलीत. कुणी नवरा देतो का अशी?"

त्याने हातातलं हेल्मेट आरशावर अडकवलं.

"मला वाटलं, मी घाबरलो म्हणून तू..."

"तुम्ही घाबरला होतात?"

वर कुणाच्या तरी खिडकीत पंखा घरघरत होता. मग त्याने स्कूटर थोडी पुढे घेतली आणि सीटवर पुढे सरकून जागा केली.

"फाटकाबाहेर नाही जायचं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मी सांगितलं की थांबायचं."

"थांबायचं."

ती बसली. डाव्या हाताने तिने त्याचा शर्ट मुठीत धरला, पण पाय काही वर घेतले नाहीत. दोन्ही बाजूंना लोंबते ठेवले. स्कूटर निघाली आणि तिच्या चपला फरशीवरून घासत येऊ लागल्या.

"पाय वर घे. अशाने आपण दोघंही पडू."

"नाही घेणार. तुम्ही समोर बघा."

त्याने समोर पाहिलं. पाण्याची टाकी, जिना, ओळीने लावलेल्या सायकली, परत टाकी. इमारतीला वळसा घालताना चपलांची फरफट मागे ऐकू येत होती. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. तिने त्याचा शर्ट आणखी घट्ट ओढला. कॉलर गळ्याला काचली.

दुसऱ्या फेरीत जिन्याजवळ वळताना त्याच्या लक्षात आलं, की मागचा आवाज थांबला आहे. कधी थांबला, ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने आरशात पाहायचं टाळलं आणि वेग होता तेवढाच ठेवला.